वृद्ध कलावंत आणि आपण

‘म्हातारपणी रंगमंचाचा मोह कशाला?’ हा प्रश्न आम्हांस उथळ वाटतो. ‘रोलिंग स्टोन्स’चे मिक जॅगर वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, २०२४ साली, अमेरिकेत गात-नाचत होते; तो त्यांचा शौक. आपल्या सोलापूर जिल्ह्यात, पंढरपुरी जन्मलेल्या तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर यांचा १९५७ व १९९० साली राष्ट्रपतींकडून गौरव झाला. २००२ साली त्या निवर्तल्या, तेव्हा रुग्णालयाचे बिल देणगीदारांनी भरले. पुढे २००६ साली शासनाने त्यांच्या नावे पुरस्कार ठेवला. हयातीत हेळसांड, मरणोत्तर सन्मान, हा न्याय आम्हांस मान्य नाही. वृद्ध कलावंताने थांबावे असे ज्यांना वाटते, त्यांनी आधी त्याच्या चुलीची सोय करावी. आणि तो स्वखुशीने उभा राहिलाच, तर त्याचे वय न मोजता पूर्ण बिदागी मोजावी.