चकाकतं ते सगळं कोरडं नसतं

जुनी येझदी घ्यायची तर आपण ओळखीचा मेकॅनिक सोबत नेतो. तो दोन किक मारतो, धूर बघतो, तोंड वाकडं करतो आणि किंमत खाली आणतो. पण जुनी मोटरबोट घ्यायची असेल तर? तिथे धूर नंतर, आधी पाणी बघायचं. बाहेरचं नाही राव, बोटीच्या पोटातलं!

हे ज्ञान मला बोस्टनमध्ये मिळालं. तिथे स्थायिक झालेल्या आमच्या एका मित्राला तेरा फुटी जुन्या ‘बोस्टन व्हेलर’चं वेड लागलं होतं. मी सुट्टीवर गेलेलो, मग काय, लागलो त्याच्या मागे. बजेट म्हणजे त्याचा अख्खा बोनस आणि बोटीत बसणार त्याची सहा वर्षांची लेक. त्यामुळे मामला सीरियस.

ही बोट १९५८ साली बाजारात आली. फायबरग्लासच्या दोन कवचांमध्ये फोम भरायचा, ही रिचर्ड फिशर यांची आयडिया. १९६१ मध्ये ‘लाइफ’ मासिकात फोटो झळकले : बोट करवतीने कापून दोन तुकडे केले, तरी ती तरंगतेच आहे! तेव्हापासून ‘न बुडणारी बोट’ हा तिचा लौकिक.

गोम इथेच आहे. स्क्रूची भोकं, बारीक तडे यांतून पाणी आत झिरपतं, फोममध्ये मुरतं आणि सहजी बाहेर येत नाही. बोट बुडत नाही, नुसती जड होते. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो! तेव्हा ट्रेलरसकट बोट वजनकाट्यावर न्या, ट्रेलरचं वजन वजा करा आणि कंपनीच्या मूळ आकड्याशी ताडून बघा.

मग ट्रान्सम. म्हणजे मागची उभी भिंत, जिच्यावर इंजिन लटकतं. आत लाकूड असतं आणि ते कुजतं. हातोडीच्या दांड्याने ठोका. टणटणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर सावध. इंजिन वर उचलून त्यावर जोर द्या. भिंत हलली तर सरळ नमस्कार करून निघा.

इंजिनाचे प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. गिअरचं ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय.

आम्ही दोन बोटी बघितल्या. पहिली नव्या रंगात चमकत होती, पण ट्रान्सम भद्द वाजला. मालक म्हणे, ‘पेंट बघा ना!’ दुसरी उन्हाने फिकी पडलेली, पण वजन बरोबर आणि महोगनीची मूळ आसनं शाबूत. मित्राने दुसरी घेतली, तीही स्वस्तात.

भाव ठरवताना बोट, इंजिन आणि ट्रेलर यांची किंमत वेगवेगळी मांडा. कागदपत्रं तपासा. अमेरिकेत नोव्हेंबर १९७२ पासून बनलेल्या बोटींवर ओळख क्रमांक कोरलेला असतो, तो कागदांवरच्या नंबरशी जुळायला हवा. आणि मालक पाण्यात चालवून दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर पाकीट खिशातच राहू द्या. रंग काय, कुणीही मारतं!