पहिल्या क्रमांकाची निवड, चौथ्या क्रमांकाचा मानकरी

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेने, म्हणजे एनबीएने, २०२४-२५ च्या हंगामातील सर्वोत्तम नवोदितांचा पहिला संघ जाहीर केला. त्यात पाच जण आहेत. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये ते निवडले गेले तेव्हाचे त्यांचे क्रमांक असे : पहिला, दुसरा, चौथा, नववा आणि एकोणचाळिसावा. पहिल्या क्रमांकाचा झकारी रिसाशे या संघात आहे; पण वर्षातील सर्वोत्तम नवोदिताचा मुख्य पुरस्कार त्याच्याआधीच हुकला होता. एप्रिलच्या अखेरीस लागलेल्या त्या निकालात १०० पत्रकारांपैकी ९२ जणांनी पहिली पसंती सॅन अँटोनियो स्पर्सच्या स्टेफॉन कॅसलला दिली. रिसाशेच्या वाट्याला आली अवघी पाच मते आणि उरलेली तीन गेली मेंफिसच्या जेलन वेल्सकडे. वेल्स म्हणजे तोच एकोणचाळिसावा.

आकडे इतके एकतर्फी असले, की निष्कर्ष काढण्याचा मोह आवरत नाही. अटलांटा हॉक्सने पहिला क्रमांक वाया घालवला, असे म्हणणारे अमेरिकेत पुष्कळ आहेत. हा निष्कर्ष घाईचा आहे. मात्र अटलांटाला या निवडीची काळजी करण्याचे काही कारणच नाही, असे म्हणणेही तितकेच चुकीचे ठरेल. ती काळजी मतांच्या या आकड्यांत नाही, दुसरीकडे आहे.

आयपीएलच्या लिलावाची सवय झालेल्या आपल्या वाचकाला ड्राफ्ट ही गोष्ट थोडी उलटी वाटेल. लिलावात ज्याची थैली मोठी त्याचा आवाज मोठा. ड्राफ्टमध्ये पैशाची बोली नसते. संघांनी एकामागून एक नवे खेळाडू निवडायचे असतात, आणि जो संघ सर्वाधिक हरला त्याला आधी निवडण्याची संधी मिळावी, हे त्यामागचे तत्त्व. युरोपीय फुटबॉलमध्ये तळाचा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जातो. इथे त्याला उद्याचा नायक बक्षीस म्हणून मिळतो. साहजिकच मुद्दाम हरण्याची वृत्ती बळावली. तिला आळा घालण्यासाठी सोडत आली. चौदा चेंडूंतून चार काढायचे, त्यातून १,००१ जोड्या संभवतात, पैकी एक बाद ठरवून उरलेल्या हजार जोड्या बाद फेरीबाहेर राहिलेल्या चौदा संघांत वाटून द्यायच्या, अशी ही रीत आहे. सर्वांत वाईट तीन संघांना प्रत्येकी १४० जोड्या मिळतात. २०२४ च्या मे महिन्यात अटलांटाकडे फक्त ३० होत्या. ३६ सामने जिंकून ४६ हरलेला, म्हणजे ना धड चांगला ना धड वाईट असा तो संघ. शंभरात तीन इतकीच शक्यता, आणि तरीही पहिला क्रमांक त्याच्या पदरात पडला. (२०२५ मध्ये तर डॅलसने १.८ टक्क्यांच्या शक्यतेवर सोडत जिंकली. वाईट संघाला आधार देण्याच्या मूळ हेतूचे काय उरले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

म्हणजे ‘क्रमांक एक’ हे मुळात संघाच्या नशिबाचे नाव आहे, खेळाडूच्या गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे. कधी कधी दोन्ही जुळून येतात. २०२३ मध्ये तसे झाले. फ्रान्सच्या व्हिक्टर वेम्बान्यामाविषयी कोणाच्याच मनात शंका नव्हती आणि त्याने पहिल्याच वर्षी सामन्यामागे २१.४ गुण, १०.६ रिबाउंड आणि ३.६ ब्लॉक अशी कामगिरी करून सर्वोत्तम नवोदिताचा किताब एकमताने मिळवला. त्याच्या पाठोपाठच्या वर्षी पुन्हा एक फ्रेंच तरुण पहिला निवडला गेला, हे रिसाशेचे दुर्दैव. २०२४ च्या तुकडीत सर्वांना मान्य होईल असा एकही नायक नव्हता. पहिल्या क्रमांकावर कोण जाणार याविषयी निवडीच्या आठवड्यापर्यंत एकवाक्यता नव्हती. तरीही मोजपट्टी मात्र वेम्बान्यामाचीच लावली गेली. थोरल्या भावाच्या गुणपत्रिकेवरून धाकट्याला बोल लावावेत, तशातला हा प्रकार. इथे तर ते भाऊही नाहीत.

आता तुलना करायचीच तर नीट करू. रिसाशे ७५ सामने खेळला, सामन्यामागे १२.६ गुण, ३.६ रिबाउंड, १.२ असिस्ट. कॅसल ८१ सामने, १४.७ गुण, ३.७ रिबाउंड, ४.१ असिस्ट. गुणांतील फरक दोनचा, आणि कॅसल सामन्यामागे दोनेक मिनिटे अधिक खेळला. तेवढ्यावरून ९२ विरुद्ध ५ असा कौल पडत नाही. नेमबाजी पाहिली तर चित्र उलटेच दिसते. रिसाशेने आपल्या एकूण फेकींपैकी ४५.८ टक्के आणि तीन गुणांच्या फेकींपैकी ३५.५ टक्के यशस्वी केल्या. कॅसलचे हेच आकडे ४२.८ आणि २८.५ आहेत. तीन गुणांच्या रेषेबाहेरून कॅसल त्या हंगामात कमकुवत नेमबाज होता, यात दुमत नाही.

मग मतदारांना दिसले काय? त्याचे उत्तर चौथ्या आकड्यात, असिस्टमध्ये आहे. कॅसल चेंडू हातात घेऊन खेळ घडवतो. बचावपटूला अंगावर घेत बास्केटपर्यंत मुसंडी मारतो, प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम गार्डला रोखण्याचे काम स्वतःकडे घेतो. रिसाशे चेंडू नसताना खेळतो. कोपऱ्यात उभा राहून पास मिळताच नेम साधायचा, बचावपटूची पाठ फिरली की झटकन बास्केटकडे धावायचे. हे काम कमी दर्जाचे नाही. पण ते दुसऱ्याने घडवलेल्या खेळाला पूर्णत्व देणारे आहे. मैफलीत संवादिनीवाला कितीही तयार असला तरी रागाची दिशा गवई ठरवतो. पुरस्कार गवयाला मिळाला.

येथे परिस्थितीचा वाटा मान्य करायला हवा. सॅन अँटोनियोचे हे वर्ष संकटांचे होते. दीर्घकाळचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांना नोव्हेंबरच्या आरंभी पक्षाघाताचा सौम्य झटका आला आणि ते परतले नाहीत. फेब्रुवारीत वेम्बान्यामाच्या खांद्यात रक्ताची गुठळी आढळली, त्याचा हंगाम तिथेच थांबला. त्याच महिन्यात आणलेला डीअॅरन फॉक्स बोटाच्या शस्त्रक्रियेमुळे मार्चमध्ये बाहेर गेला. ३४ विजय आणि ४८ पराभवांच्या या संघात विशीतल्या मुलाच्या हाती चेंडू सोपवण्यावाचून पर्याय उरला नाही. चुकण्याची मुभा हीच नवोदिताची खरी शिदोरी असते, आणि कॅसलला ती भरभरून मिळाली. शिवाय शेजारी क्रिस पॉलसारखा वीस वर्षे मुरलेला पॉइंट गार्ड, जो त्या हंगामात सगळेच्या सगळे ८२ सामने खेळला. अटलांटात तेव्हा चेंडू ट्रे यंगचा असे. सामन्यामागे ११.६ असिस्ट करून त्याने त्या हंगामात साऱ्या लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला. अशा खेळाडूच्या सावलीत रिसाशेने एकच असिस्ट केला, याचे आश्चर्य कशाला?

परिस्थितीचे हे स्पष्टीकरण बाकीच्या तुकडीलाही लागू पडते. दुसऱ्या क्रमांकाचा अलेक्स सार वॉशिंग्टनला गेला. त्या संघाने १८ सामने जिंकले, ६४ हरले. सारने १३ गुणांची सरासरी राखली, म्हणजे रिसाशेहून किंचित अधिक. पण त्याच्या दहापैकी सहा फेकी चुकल्या आणि पराभवांच्या त्या रांगेत कोणी त्याला त्याबद्दल विचारले नाही. तिसऱ्या क्रमांकाचा रीड शेपर्ड ह्यूस्टनला गेला. तो संघ ५२ सामने जिंकून पश्चिम विभागात दुसरा आला. परिणामी शेपर्डला सामन्यामागे जेमतेम साडेबारा मिनिटे मिळाली आणि गुणांची सरासरी ४.४ वर थांबली. सार शेपर्डपेक्षा तिपटीने चांगला आहे, असे कोणी म्हणणार नाही. सोळाव्या क्रमांकाचा जॅरेड मकेन फिलाडेल्फियासाठी १५.३ च्या सरासरीने, म्हणजे कॅसलपेक्षाही जास्त गुण करत होता. २३ सामन्यांनंतर डिसेंबरमध्ये गुडघा दुखावला आणि तो पुरस्काराच्या शर्यतीतूनच पुसला गेला. आणि वेल्स! दुसऱ्या फेरीत निवडलेल्या या तरुणाने मेंफिससारख्या जिंकणाऱ्या संघात ७९ सामने खेळून १०.४ गुणांची सरासरी राखली, प्रतिस्पर्ध्यांच्या मुख्य खेळाडूंना रोखण्याची जबाबदारी घेतली. एप्रिलमध्ये एका सामन्यात उंचावरून कोसळून मनगट मोडले तेव्हाच तो थांबला. खर्च केलेल्या संधीच्या तुलनेत मिळालेला मोबदला पाहायचा, तर या तुकडीतील सर्वांत शहाणी निवड मेंफिसची ठरते.

पहिल्या वर्षाचा किताब भविष्याविषयी किती सांगतो? २०१३ ची तुकडी पाहा. पहिला निवडला गेला अँथनी बेनेट. त्याने पहिल्या वर्षी ४.२ गुणांची सरासरी राखली आणि काही वर्षांतच तो लीगमधून दिसेनासा झाला. सर्वोत्तम नवोदित ठरला अकराव्या क्रमांकाचा मायकेल कार्टर-विल्यम्स. फिलाडेल्फियाच्या, ६३ सामने हरलेल्या संघात त्याला हवा तेवढा चेंडू मिळाला. पुढे तो संघांमागून संघ बदलत राहिला. त्याच तुकडीत पंधराव्या क्रमांकावर ग्रीसचा एक सडपातळ मुलगा होता. पहिल्या वर्षी ६.८ गुण. त्याचे नाव यानिस आंतेतोकूम्पो. दोनदा सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान आणि २०२१ चे विजेतेपद त्याच्या नावावर आहे.

तेव्हा रिसाशेविषयी आजच निकाल देणे अन्यायाचे होईल. न्यूयॉर्कविरुद्ध नोव्हेंबरमध्ये त्याने केलेले ३३ गुण त्याची झेप दाखवून गेले, हंगामाच्या उत्तरार्धात तर त्याचा खेळ स्पष्टपणे सुधारला. पण प्रस्तुत लेखकाला एक गोष्ट खटकते. परिस्थितीचे माप पदरात घातल्यावरही ३.६ रिबाउंड हा आकडा त्याच्या उंचीच्या मानाने तोकडाच. रिबाउंड घेण्यासाठी ट्रे यंगची परवानगी लागत नाही. कॅसलची नेमबाजी सरावाने सुधारू शकते. खेळ वाचण्याची, बचाव फोडण्याची त्याची उपजत ओढ सरावाने येत नाही. आज दोघांतून एकाला निवडायचे झाले, तर कौल कॅसलकडे जाईल. अटलांटाकडे आधीच ट्रे यंग असताना त्या संघाने गार्डऐवजी फॉरवर्ड निवडला, यात तर्क होता. अडचण अशी, की पहिला क्रमांक हा संघातील उणीव भरून काढण्यापुरता वापरण्याइतका वरचेवर येत नाही.

अटलांटाला तर तो फारच क्वचित आला. यापूर्वी हा संघ ड्राफ्टमध्ये पहिला होता १९७५ साली. तेव्हा निवडलेल्या डेव्हिड थॉम्पसनने प्रतिस्पर्धी लीगमधील डेन्व्हरशी करार केला आणि तो अटलांटाकडून कधी खेळलाच नाही. २०१८ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर लुका डॉन्चिचला घेऊन अटलांटाने त्याला डॅलसकडे धाडले आणि बदल्यात ट्रे यंग व एक पुढची निवड घेतली. यंग अव्वल खेळाडू आहे. तरीही अटलांटात त्याचा प्रत्येक सामना डॉन्चिचच्या तराजूत तोलला गेला. रिसाशे आणि कॅसल ही त्या शहरातील तुलनेची दुसरी जोडी.

आणि नियतीने कॅसलला धाडले तेही नेमके सॅन अँटोनियोकडे. २०२२ मध्ये डिजॉन्टे मरेला मिळवण्यासाठी अटलांटाने याच संघाला आपल्या २०२५ आणि २०२७ च्या पहिल्या फेरीतील निवडी, तसेच २०२६ मध्ये निवडींची अदलाबदल करण्याचा हक्क देऊन टाकला. मरे दोनच वर्षांत न्यू ऑर्लीन्सला गेला. त्या व्यवहारातून डायसन डॅनियल्ससारखा बचावपटू हाती लागला, तो २०२४-२५ मध्ये लीगमधील सर्वाधिक प्रगती केलेला खेळाडू ठरला, हे अटलांटाच्या बाजूने नमूद करायलाच हवे. २०२५ मध्ये तेरावी आणि बाविसावी निवडही त्याच्याकडे होती. परंतु स्वतःच्या पराभवांतून उभारी घेण्याचा जो मार्ग ड्राफ्ट प्रत्येक संघाला देतो, तो अटलांटासाठी २०२७ पर्यंत बंद आहे. हरलो तर लाभ सॅन अँटोनियोचा. म्हणून तीन टक्क्यांच्या नशिबाने मिळालेला रिसाशे हा या संघासाठी केवळ एक नवोदित नव्हता. ड्राफ्टमधून पदरात पडलेले ते मोठे घबाड होते. दुसऱ्या संघाला तो उत्तम साथीदार म्हणून पुरला असता. अटलांटाला त्याच्याकडून त्याहून अधिक हवे होते.

२०२४-२५ मध्ये ४० विजय, ४२ पराभव, मग प्ले-इनमध्ये ओरलँडो आणि मायामीकडून हार, असा हंगाम संपला. त्यानंतर काही दिवसांतच महाव्यवस्थापक लँड्री फील्ड्स यांना पदावरून दूर करण्यात आले. रिसाशेची निवड त्यांच्याच कारकिर्दीतील. सूत्रे ऑन्सी सालेह यांच्याकडे गेली. यंगच्या कराराचे पुढे काय करायचे, हा त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न होता. यंग राहिला तर रिसाशे कोपऱ्यातच उभा राहणार होता. गेला तर चेंडू त्याच्या हाती येणार होता आणि त्या हातांत काय आहे ते कळणार होते. २०२५ च्या जूनअखेरीस नवा ड्राफ्ट झाला. तेव्हा चौदाव्या क्रमांकाला, म्हणजे अटलांटाच्या या हंगामातून निघालेल्या निवडीला, नाव पुकारले गेले ते सॅन अँटोनियोने ठरवलेल्या खेळाडूचे.