औषधांच्या डब्याशेजारी एक रेडिओ हवा

ऑगस्ट २०१९. कृष्णा-वारणेला महापूर आला होता आणि आमच्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना पाळीपाळीने निवारा केंद्रांवर पाठवलं जात होतं. माझ्या वाट्याला सांगली जिल्ह्यातल्या एका गावची शाळा आली. वर्गावर्गांत माणसं, व्हरांड्यात शेळ्या. वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. तिसऱ्या रात्री दहाच्या सुमारास एक पोरगा धापा टाकत आला, "कोयना धरण फुटलंय म्हणं!" पाच मिनिटांत लोक गाठोडी बांधू लागले. बाहेर काळोख आणि रस्त्यावर कमरेएवढं पाणी. माझ्यासमोर मधुमेहाच्या एक आजी बसल्या होत्या. त्यांच्या मुलाने त्यांना पाठीवर घेतलंसुद्धा.

कोपऱ्यात एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका बसले होते. त्यांच्या हातात तळहाताएवढा रेडिओ होता. ते म्हणाले, "कोण म्हणतंय फुटलं? आत्ताच बातम्या ऐकल्या की मी. धरणातनं किती क्युसेक सोडलंय, ते बी सांगितलं. फुटलं असतं तर हे सांगितलं नसतं व्हय?" त्यांनी आवाज वाढवून रेडिओ खिडकीत ठेवला. लोक थांबले. पुढच्या बातम्यांतही धरण फुटल्याचा शब्द नव्हता. आजी पुन्हा सतरंजीवर आल्या. त्या रात्री त्या शाळेतून कुणीही पाण्यात उतरलं नाही.

यात काय एवढं, असं वाटत असेल तर मुंबईची आठवण करून देतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दोन दिवसांनी, २८ जुलैच्या रात्री, धरण फुटलं, त्सुनामी आली अशा अफवा उठल्या आणि जुहूजवळच्या नेहरूनगर वस्तीत चेंगराचेंगरी झाली. पंधराहून अधिक माणसं गेली. पाण्यातून वाचलेली ही माणसं अफवेने मारली. म्हणूनच आरोग्याच्या सदरात आज एका डॉक्टरने रेडिओवर लिहायचं ठरवलं आहे.

पुराच्या दिवसांत आमच्याकडे येणारे रुग्ण आठवून बघा. रक्तदाबाच्या गोळ्या चार दिवस बंद पडलेले. इन्सुलिन कुठे मिळेल हे माहीत नसलेले. विहिरीचं पाणी न उकळता प्यायल्याने जुलाब लागलेले. पायाला जखम असताना चिखलात वावरून लेप्टोचा ताप घेऊन आलेले. साप चावल्यावर कोणता रस्ता चालू आहे हे न कळल्याने उशिरा पोचलेले. यातल्या बहुतेकांची गाडी औषधाच्या आधी माहितीपाशी अडलेली असते. शिबिर कुठे आहे, टँकर कधी येणार, कोणता पूल बंद आहे, लेप्टो टाळायची गोळी कुणी आणि कुणाला विचारून घ्यायची, हे वेळेत कळलं तर अर्धे रुग्ण आमच्यापर्यंत येणारच नाहीत.

"पण मोबाइल आहे ना?" हा प्रश्न येणारच. मोबाइल उपयोगी आहेच. धोक्याचा इशारा थेट प्रत्येक फोनवर वाजवण्याच्या चाचण्या सरकारने २०२३ मध्ये केल्या, ते चांगलंच झालं. पण हा इशारा मनोऱ्यामार्फतच येतो आणि वीज गेली की मनोरा बॅटरीवर काही तास तग धरतो. पुढे डिझेल पोचलं तर ठीक. फोनमधल्या एफएमला इंटरनेट लागत नाही, पण अनेक नव्या फोनमध्ये ती सोय बंदच केलेली असते. ती चालू ठेवा, अशी सूचना केंद्र सरकारने २०२३ मध्ये फोन कंपन्यांना केली होती. ज्यांच्या फोनमध्ये ती आहे, त्यांनाही बहुधा वायरचा हेडफोन लावावा लागतो, कारण ती वायरच अँटेना असते. आज किती घरांत असा हेडफोन सापडेल?

आणखी एक गोष्ट मनाच्या आरोग्याची. २०१३ मध्ये अमेरिकेत बोस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ त्याच बातम्या आणि दृश्यं पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. रेडिओ दहा मिनिटांत बातमी सांगतो आणि आपण तो बंद करतो. तेच वाहून जाणारं घर तो पन्नास वेळा दाखवत नाही.

मग रेडिओ घ्यायचा कसा? दुकानात गेलं की दिवे, ब्लूटूथ आणि पेनड्राइव्ह असलेले चकचकीत डबे समोर येतात. त्यांतल्या कित्येकांत रेडिओ नावापुरता, फक्त एफएम असतो. तुमचा पहिला प्रश्न एवढाच असू द्या : यात मिडियम वेव्ह आहे का? डब्यावर ते 'एएम' किंवा 'एमडब्ल्यू' असं लिहिलेलं असतं.

एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की पलीकडच्या दरीत त्या नीट पोचत नाहीत. मिडियम वेव्हच्या लहरी जमिनीला धरून पसरतात आणि एका शक्तिशाली केंद्राचा आवाज दिवसा शे-दीडशे किलोमीटरपर्यंत मिळू शकतो. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्यांसाठी हा फरक मोठा आहे. रात्री याच लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून परतून शेकडो किलोमीटर जातात. त्यामुळे दूरची केंद्रं आपल्या केंद्रात मिसळतात. म्हणून आपलं केंद्र दिवसा शोधून ठेवावं. मिडियम वेव्हचा अँटेना रेडिओच्या पोटात आडव्या कांडीच्या रूपात असतो. आवाज नीट येत नसेल तर दांडी ओढत बसू नका, रेडिओच हळूहळू फिरवा. जवळचा एलईडी दिवा किंवा चार्जर बंद केला की खरखरही कमी होते.

दुसरा प्रश्न विजेचा. माझं मत स्पष्ट आहे : संकटासाठीचा रेडिओ पेन्सिल सेलवर चालणारा हवा. तो सेल गावच्या किराणा दुकानात मिळतो. दोन-तीन सेलवरचा छोटा रेडिओ मध्यम आवाजात साधारण चाळीस-पन्नास तास चालतो, म्हणजे रोज तासभर ऐकलं तर महिना निघतो. आतल्या लिथियम बॅटरीचे रेडिओ प्रवासाला सुटसुटीत, पण वीज गेल्यावर ते चार्ज कुठे करणार? दांडा फिरवून किंवा उन्हावर चालणारे रेडिओ जोडीला चांगले. पण पावसाळ्यात ऊन नसतं आणि आजारी माणसाकडून दांडा फिरत नाही.

तिसरं, तो कोण वापरणार? घरात सत्तरीचे आई-वडील असतील तर मोठं बटण, फिरवायची चकती आणि खणखणीत स्पीकर हवा. बारीक पडदा आणि दहा बटणं त्यांच्या कामाची नाहीत. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी हेडफोनची जागा असावी.

चौथं, नाण्यासारख्या चपट्या सेलवर चालणारी खेळण्यासारखी उपकरणं लहान मूल असलेल्या घरात आणूच नका. असा सेल मुलाने गिळून अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. संशय आला तरी थेट रुग्णालय गाठा.

परदेशातून येणाऱ्या काही रेडिओंवर 'वेदर बँड' लिहिलेलं असतं. ती अमेरिकेतल्या हवामान प्रक्षेपणाची सोय आहे. इथे त्यावर काहीही लागत नाही, तेव्हा त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

आता शॉर्टवेव्ह. माझ्या पिढीला ती शब्द उच्चारताच रेडिओ सिलोन आठवतं. या लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होत हजारो किलोमीटर जातात. मधला सारा मुलूख अंधारात असला तरी दूरच्या देशातलं केंद्र बोलत राहतं, ही त्यांची ताकद. मात्र ऐकण्यासारखं पूर्वीइतकं उरलेलं नाही. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण जानेवारी २०२० अखेर बंद झालं. महाडला किंवा शिरोळला पाणी किती चढलं, हे शॉर्टवेव्हवर कळणार नाही. म्हणून घरासाठी ती असली तर उत्तम, नसली तरी चालेल.

पण तुम्ही जहाजावर नोकरीला असाल, लडाख-स्पितीत ट्रेकला जात असाल किंवा आफ्रिकेत कामाला निघाला असाल, तर शॉर्टवेव्ह असलेला छोटा डिजिटल रेडिओ जरूर घ्या. त्यात कुलपाचं बटण हवं, नाहीतर बॅगेत तो आपोआप चालू होऊन सेल संपवतो. मिडियम वेव्हचं अंतर नऊ आणि दहा किलोहर्ट्झ असं बदलता यायला हवं. आपल्याकडे नऊ चालतं, अमेरिकेत दहा. नऊच्या जागी दहा राहिलं तर रेडिओ बिघडल्यासारखा वाटतो. शॉर्टवेव्हसाठी चार-पाच मीटर साधी वायर सोबत ठेवा आणि ती दांडीला अडकवून खिडकीबाहेर सोडा. ४९ आणि ४१ मीटरचे पट्टे रात्री चांगले लागतात, १९ आणि १६ मीटरचे दिवसा. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनच्या बॅगेतच ठेवाव्या लागतात.

आता सरकारी नोकरीत असूनही थोडं सरकारला. गेल्या काही वर्षांत आकाशवाणीने मिडियम वेव्हची अनेक जुनी प्रक्षेपण यंत्रं बंद केली आणि एफएमवर भर दिला. ही यंत्रं वीज खातात, सुटे भाग मिळत नाहीत, शहरातला श्रोता एफएमकडे गेला, ही कारणं खोटी नाहीत. डिजिटल मिडियम वेव्हही आली, पण तो रेडिओ सामान्य माणसाच्या हातात अजून दिसत नाही. दरीतल्या वाडीपर्यंत एफएम खात्रीने पोचत नाही, तोवर प्रत्येक विभागातलं एक तरी मिडियम वेव्ह केंद्र राखायला हवं. ते वर्षातले तीनशे दिवस फारसं कुणी ऐकणार नाही. आमच्याकडची सर्पदंशाची लसही वर्षभर रोज लागत नाही, म्हणून आम्ही ती ठेवायची बंद करत नाही.

दुसरी मागणी त्याहून स्वस्त आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात आणि निवारा केंद्र म्हणून ठरलेल्या शाळेत हजार-दीड हजारांचा एक रेडिओ आणि सेलचं पाकीट असावं. पावसाळ्याआधी आम्ही ब्लीचिंग पावडर आणि सलाइनचा साठा मोजतो. त्या यादीत ही एक ओळ वाढवायला काहीच हरकत नसावी.

घरी मी एक सवय लावली आहे. दर महिन्याच्या एक तारखेला औषधांच्या डब्यातल्या तारखा बघतो आणि शेजारचा रेडिओ दोन मिनिटं लावतो. सेल बाहेर काढून वेगळे ठेवतो, कारण आत राहिलेले सेल पाझरून रेडिओ खराब करतात. तो पांढरा थर बोटाला लागला तर हात धुवावेत, डोळे चोळू नयेत. रेडिओच्या पाठीवर पट्टी चिकटवून आपल्या केंद्राचा आकडा लिहून ठेवला आहे. अंधारात, घाबरलेल्या मनाने तो शोधावा लागू नये म्हणून.

त्या शाळेतल्या कंडक्टर काकांच्या रेडिओलाही रबरबँडने सेल बांधलेले होते. मी विचारलं, "काका, हा कधीपासून बाळगता?" ते म्हणाले, "२००५ च्या पुरात काय चाललंय ते कळलंच नव्हतं, डॉक्टर. तवापासनं."