पाहा बरं! : कढीपत्ता कोणी खाल्ला?

गच्चीवरच्या कुंड्यांची नासधूस झाली की ‘कोणी केलं?’ हा प्रश्न पडतो, आणि उत्तरही लगेच तयार असतं. कबुतरांनी! उंदरांनी! शेजारच्या बंड्यानं! पण प्रत्यक्ष पाहिलंय का कोणी? छे!

माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीच्या इमारतीत असंच झालं. गच्चीवर सगळ्यांच्या मिळून पंचवीस-तीस कुंड्या. त्यांतल्या एका आजींच्या कढीपत्त्याची पानं चार दिवसांत नाहीशी झाली. तळमजल्यावरचा सहा वर्षांचा मुलगा संध्याकाळी गच्चीवर खेळतो. झालं! आजींनी त्यालाच धरलं. त्याच्या आईला बोलणी बसली आणि मुलाचं वर येणं बंद झालं. एक काका तर किडीच्या औषधाचा फवारा आणायला निघाले. ही मुलगी मला म्हणाली, “बाई, तो म्हणतो मी नाही तोडली. खरं कसं शोधायचं?”

मी म्हटलं, “आधी झाडाला विचारू. एक डहाळी घेऊन ये.”

दुसऱ्या दिवशी आम्ही ती डहाळी खिडकीशी धरून नीट पाहिली. लहान मुलगा पानं ओरबाडतो तेव्हा अख्खं पान जातं, नाहीतर डहाळीच मोडते. इथे काडी शाबूत होती. काही पानं कडेनं कुरतडलेली, काहींची नुसती मधली शीर उरलेली. इतकं सावकाश, कडेकडेनं पान खाणारा मुलगा मी तरी पाहिलेला नाही! तो सुटला. मग खाल्लं कोणी?

त्यासाठी एक सोपी युक्ती. संध्याकाळी कुंडीत खोडाभोवती पांढरा कागद पसरायचा, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर खडे ठेवायचे आणि सकाळी पाहायचं. तिच्या कागदावर काळपट-हिरव्या बारीक गोळ्या पडल्या होत्या. त्या अळीच्या लेंड्या! लेंड्या ताज्या, म्हणजे अळी वरच कुठेतरी असणार. पण दिसेना. का, सांगा पाहू?

कारण ही अळी लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट अंगावर पांढरा पट्टा. मोठी झाली की पानासारखीच हिरवीगार. आपण बघतो आणि पुढे जातो. काडीनं हळूच डिवचलं, तर ती डोक्यामागून लालसर दुफाटा बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. शोधता शोधता पाच अळ्या सापडल्या. लिंबाळी नावाच्या फुलपाखराच्या! लिंबू, बेल आणि कढीपत्ता ही एकाच कुळातली झाडं. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालेली राणी पाकोळी, म्हणजेच ब्लू मॉर्मन, तिच्या अळ्यासुद्धा लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतात.

पालकांनो, फोडणीत जाणाऱ्या पानांवर विषारी फवारा नकोच. पाच अळ्या हातानं उचलायला पाच मिनिटं लागतात. आजींकडे कढीपत्त्याची आणखी एक जुनी कुंडी होती, ती त्यांनी अळ्यांना देऊन टाकली. खाल्लेल्या झाडालाही आता नवी पालवी फुटली आहे. त्या मुलाला मात्र आजींनी “वर ये” असा निरोप धाडूनही तो अजून गेलेला नाही. त्याच्या आईचा राग गेला नाही, आणि मला तो राग समजतो.

आता तुमच्या कुंड्यांकडे वळू या. गुलाबाच्या पानाच्या कडेला कात्रीनं कापल्यासारखे गोल तुकडे गेलेत? ती पानं कापणारी मधमाशी. ती पान खात नाही, तुकडे नेऊन आपल्या पिल्लांसाठी घर करते. तिला राहू द्या. लिंबाच्या पानावर पांढरट नागमोडी रेघा असतील तर पानाच्या आतून पोखरत जाणारी नागअळी. जास्वंदीच्या खोडावर मुंग्यांची रांग दिसली की मुंग्यांना दोष देऊ नका. शेंड्याशी मावा नाहीतर कापसासारखा पिठ्या ढेकूण असतो. तो झाडाचा रस पितो आणि गोड चिकटा सोडतो. मुंग्या त्या चिकट्यासाठी येतात. पाण्याचा जोराचा फवारा मारला तरी मावा बराचसा धुऊन जातो. सकाळी कुंडीवर चकचकीत चिकट रेघ दिसली, तर रात्री टॉर्च घेऊन मोठ्या माणसाबरोबर वर जा. गोगलगाय भेटेल. आणि माती उकरलेली असेल तर कुंडीभोवती जमिनीवर पिठाचा पातळ थर पसरा. मांजर की उंदीर, ते पावलंच सांगतील!

काही वेळा चोर मुळी नसतोच. पान कुठेही खाल्लेलं नाही, पण झाड मान टाकतंय, अशा वेळी मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा. माती कोरडी असेल तर पाणी घाला. ओली गच्च असेल तर कुंडीच्या तळाचं भोक तपासा. ते बुजलं की पाणी साठतं, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. मग घरातलं प्रत्येक जण झाड सुकलं म्हणून येता-जाता आणखी एक तांब्या ओततं!

या रविवारी एकच कुंडी निवडा, कागद पसरा आणि सोमवारी काय मिळालं ते वहीत चित्र काढून ठेवा. जे ओळखता येणार नाही, त्याचं चित्र मला पाठवा. पुढच्या अंकात आपण ते मिळून ओळखू.