ओढ्याला झेपेल तेवढेच ओझे

वाचकहो, सुगीच्या दिवसांत गाडीवर किती पोती लादायची, हे आपण कशावरून ठरवतो? शेतात किती पोती पडली आहेत यावरून ठरवत नाही. बैल कसे आहेत, वाट चढाची की उताराची, चाकोरीत चिखल किती, हे पाहून ठरवतो. बैलांना झेपेल तेवढेच ओझे घालायचे, बाकीचे दुसऱ्या खेपेला. ज्याने हे पाळले नाही त्याचा बैल बसला, हे आपण डोळ्यांनी पाहिलेले आहे.

गावच्या ओढ्याचेही असेच आहे. थोडीफार घाण पोटात घेऊन पाणी पुन्हा निवळ करण्याची ताकद त्याच्यात असते. पण त्या ताकदीला मर्यादा आहे. एकाच्या गोठ्याचे पाणी, दुसऱ्याच्या उकिरड्याचा निचरा, तिसऱ्याच्या उसातून वाहून आलेला युरिया, वरच्या गावाचे गटार, आणखी वरच्या अंगाचा कारखाना. प्रत्येक जण म्हणतो, माझे ते कितीसे? आणि प्रत्येकाचे म्हणणे थोडेफार खरेही असते. पण ओढा बेरीज करतो.

ही बेरीज कागदावर मांडून, ओढ्याला झेपेल तेवढेच ओझे ठरवून, मग ते प्रत्येकाला वाटून देण्याची पद्धत अमेरिकेत आहे. आज तिची हकीगत सांगतो. दूरदेशीची गोष्ट आपल्याला कशाला, असे कुणी म्हणेल. पण या गोष्टीत सगळ्यात मोठा वाटा शेतकऱ्याचा आहे आणि भांडणही शेतकऱ्यानेच केले आहे.

पाईप आणि शिवार

अमेरिकेत १९७२ साली पाणी शुद्ध राखण्याचा मोठा कायदा झाला. आपल्याकडचा पाणी प्रदूषणाचा कायदा त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७४ साली आला. त्या अमेरिकन कायद्यात एक कलम असे आहे की, कारखान्यांवर आणि नगरपालिकांवर बंधने घालूनही जी नदी सुधारत नाही तिची वेगळी यादी करायची. मग ती नदी दिवसाला जास्तीत जास्त किती घाण पेलू शकेल, याचा आकडा काढायचा. त्या आकड्याचे तीन वाटे करायचे. पहिला वाटा पाईपमधून सोडणाऱ्यांचा, म्हणजे कारखाने आणि शहरांची मैलापाणी केंद्रे. दुसरा वाटा शिवारातून, रस्त्यांवरून, रानातून पावसाबरोबर वाहून येणाऱ्याचा. आणि तिसरा थोडासा वाटा कुणालाच द्यायचा नाही. हिशेब चुकला तर हाताशी असावा म्हणून तो राखून ठेवायचा, जसे आपण बियाण्याचे चार शेर बाजूला ठेवतो तसे.

कलम चांगले होते, पण वीसएक वर्षे ते बहुतेक कागदावरच राहिले. लोकांनी कोर्टात दावे लावले तेव्हा कुठे सरकार हलले.

चेसापीकची खाडी

या पद्धतीचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चेसापीक नावाच्या खाडीत झाला. खाडी सुमारे ३२० किलोमीटर लांब. तिचे पाणलोट सहा राज्यांत आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये पसरलेले आहे. क्षेत्र सुमारे १ लाख ६५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक. निळे खेकडे आणि कालवे यांसाठी ही खाडी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध. कोळ्यांची गावेच्या गावे तिच्यावर जगत आली.

मग पाण्यात नत्र आणि स्फुरद वाढले. पिकाला जे खत, तेच पाण्यातल्या शेवाळाला खत. शेवाळ माजले, मेले, तळाशी कुजले आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन बसले. उन्हाळ्यात खोल पाण्यात मासे-खेकड्यांना श्वास मिळेना. वरून गाळ आला. त्याने पाणी गढूळ होऊन तळाच्या गवतापर्यंत ऊन पोचेना. त्या गवतात माशांची पिल्ले वाढायची, ते गवतच गेले.

१९८३ साली राज्यांनी एकत्र येऊन करार केला. १९८७ साली दुसरा, २००० साली तिसरा. मुदती आल्या आणि गेल्या. शेवटी २९ डिसेंबर २०१० रोजी केंद्राच्या पर्यावरण खात्याने खाडीचे ओझे आकड्यात बांधले. वर्षाला नत्र सुमारे ८४ हजार टन, स्फुरद सुमारे ५ हजार ७०० टन आणि गाळ सुमारे २९ लाख टन, यापेक्षा जास्त नाही. म्हणजे त्या वेळी जेवढे येत होते त्यातून नत्रात आणि स्फुरदात जवळजवळ चौथा हिस्सा आणि गाळात पाचवा हिस्सा कमी करायचा. खाडी आणि तिला मिळणाऱ्या भरतीच्या नद्यांचे ९२ तुकडे पाडून प्रत्येकाचा वेगळा हिशेब केला. सारी कामे २०२५ पर्यंत उरकायची असे ठरले.

वरच्या अंगाचा शेतकरी काय म्हणाला

आता खरी अडचण पाहा. खाडीला जे गोडे पाणी मिळते, त्यातले निम्मे एकट्या सस्क्वेहाना नदीचे. ती पेनसिल्व्हानिया राज्यातून येते आणि त्या राज्याची हद्द खाडीला कुठेच लागत नाही. तिथला लँकेस्टर जिल्हा दुभत्या जनावरांनी गजबजलेला. आमिश पंथाचे शेतकरी तिथे आजही घोड्या-खेचरांनी शेत कसतात. शेण मुबलक, जमीन मोजकी. शेण शेतातच पडणार, गाई ओढ्यात उतरणार. त्या शेतकऱ्याने विचारले, जी खाडी मी पाहिली नाही, जिचा खेकडा माझ्या ताटात येत नाही, तिच्यासाठी मी का खर्च करू?

कालव्याच्या पाण्यावरून शेपटाकडच्या आणि मुखाकडच्या शेतकऱ्यांत होणारी भांडणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा प्रश्न नवा नाही. मुखाकडच्याला शेपटाकडचे कोरडे शेत दिसत नाही. इथे पाण्याऐवजी घाणीची वाटणी, एवढाच फरक.

शेतकऱ्यांची तिथली मोठी संघटना, अमेरिकन फार्म ब्युरो फेडरेशन, कोर्टात गेली. केंद्राने एकूण आकडा सांगावा, पण कुणी किती कमी करायचे आणि कधीपर्यंत, हे सांगण्याचा त्याला अधिकार नाही, असे तिचे म्हणणे. २०१३ साली खालच्या कोर्टात आणि २०१५ साली अपील कोर्टात संघटना हरली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. वाटणीशिवाय एकूण आकड्याला अर्थ नाही, हे त्यातून पक्के झाले.

मात्र नुसत्या कोर्टाने ओढा निवळत नाही. मैलापाणी केंद्रांनी, करदात्यांचा पैसा ओतून, आपला वाटा २०१६ च्या सुमारासच, म्हणजे मुदतीच्या खूप आधी पुरा केला. तिथे नळाच्या तोंडाशी माप घेता येते. शेतातून जे झिरपते त्याला तोंडच नाही. म्हणून तिथे कामासाठी मदत द्यावी लागली. मेरिलँड राज्य मका निघाल्यावर रान मोकळे न सोडता राय नावाचे गव्हासारखे पीक पेरणाऱ्याला एकरी पैसे देते, कारण ते पीक जमिनीत उरलेले नत्र हिवाळ्यात धरून ठेवते. ओढ्याला कुंपण घालून जनावरांसाठी वेगळी पाणवठ्याची सोय करणे, काठाने निदान ३५ फूट रुंद झाडांचा पट्टा राखणे, शेण साठवायला पक्के हौद बांधणे, यालाही मदत मिळते.

फळ काय मिळाले? पाण्याखालचे गवत १९८४ साली चाळीस हजार एकरांच्या आत होते. २०१८ साली ते लाखाच्या वर गेले. पण २०१८ च्या अतिवृष्टीने गाळ आणि खत लोटले आणि पुढच्याच वर्षी गवत पुन्हा बरेच घटले. २०२५ ची मुदत सर्वांना गाठता आली नाही, शेतीचा वाटाच मुख्यतः मागे राहिला. त्याला एक कारण असेही आहे की जमिनीत मुरलेले नत्र भूजलातून ओढ्यापर्यंत यायला वर्षे घेते. आज सुधारलेल्या शेतकऱ्याच्या ओढ्यात त्याच्या बापाच्या काळचे खत अजून येत असते. म्हणून आकडा हलला नाही की कष्ट फुकट गेले, असे म्हणता येत नाही.

आपल्या दारात

आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांचे बिघडलेले पट्टे मोजते. २०२२ च्या अहवालात देशभर असे ३११ पट्टे होते. त्यांतले ५५ महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत जास्त. त्यांत शहरांच्या सांडपाण्याचा दोष फार मोठा आहे आणि तो शेतकऱ्याच्या माथी मारू नये, हे मी आधीच सांगतो. शहराने आपला वाटा उचललाच पाहिजे, आणि तो उचला म्हणून आपण खणखणीत मागितले पाहिजे. पण मागणाऱ्याचा हात स्वच्छ असला तर मागण्याला वजन येते.

शिवाय यात घराचाही प्रश्न आहे. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात सुमारे २१ किलो नत्र असते. पिकाने घेतले ते तुमचे. उरलेल्यातले काही हवेत जाते, काही नायट्रेट होऊन विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते, असे आपले मानक सांगते. त्याहून वाढले तर वरच्या दुधाच्या तान्ह्या बाळाला धोका असतो. पावडरचे दूध त्याच पाण्यात कालवले, की बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि अंग निळसर पडते. पाणी उकळून हे जात नाही, उलट आटल्याने वाढते. म्हणून माउल्यांनो, घरात बाळ असेल तर विहिरीचे पाणी एकदा तपासून घ्याच.

बाकी कामे आपल्या ओळखीचीच आहेत. माती तपासून खताचा हप्ता ठरवा आणि तो एकदम न देता दोन-तीन वेळा द्या. आभाळ भरून आले असता युरिया फेकू नका. उकिरडा ओढ्याच्या उतारावर ठेवू नका. गोठ्याचे मूत खड्ड्यात मुरवून खतात घाला. बांधावर आणि ओढ्याच्या काठाने गवताचा, झाडांचा पट्टा राखा, तेवढी दोन सऱ्यांची जागा सोडायला जिवावर येईल तरीही.

आणि पुढच्या ग्रामसभेला एक काम करा. वहीच्या एका पानावर गावचा ओढा काढा. वरच्या शिवेपासून खालच्या शिवेपर्यंत त्यात कुठून काय उतरते, ते ज्याचे त्याच्यासमोर लिहा. सुरुवात आपल्या स्वतःच्या गोठ्यापासून करा. मग दुसऱ्याचे नाव लिहिताना कुणी रागावणार नाही.