भाता कोणता घ्यावा ?

अमेरिकेंत मिशिगन राज्यांत राहणाऱ्या आमच्या नातवाचें गेल्या पंधरवड्यांत पत्र आलें. हल्लींचें पत्र म्हणजे पडद्यावर उमटणारीं अक्षरें. परंतु मजकूर मात्र फार जुन्या काळचा होता. "आजोबा, यंदा मी लांकडी धनुष्य घेऊन हरणाच्या शिकारीस जाणार आहें. येथें १ ऑक्टोबरला धनुर्धाऱ्यांचा हंगाम सुरू होतो. धनुष्य मिळालें, बाण मिळाले. भाता कोणता घ्यावा हें मात्र ठरत नाहीं. दुकानांत चार तऱ्हेचे आहेत. तुम्ही जन्मभर संस्कृत शिकविलेंत. आपले लोक भाता कसा बांधीत?"

पत्र मोठ्यानें वाचलें आणि घरांत दोन पक्ष पडले. आमच्या वडील भगिनींनीं, ज्यांना सारें घर माई म्हणतें, जपमाळ खालीं ठेविली व विचारलें, "आपल्या कुळांत कोणी ससासुद्धां मारला नाहीं, आणि तूं त्याला भाता निवडून देणार ?" धाकटी सून हळूच म्हणाली, "मामंजी, तिकडे कायद्याची परवानगी आहे. तो जाणारच असेल, तर निदान सांभाळून जावा." दोघींच्याही बोलण्यांत तथ्य होतें, म्हणून मीं दोन दिवस उत्तर लिहिलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं जें लिहिलें, त्याचा सारांश वाचकांपुढें ठेवीत आहें. कारण परदेशीं गेलेलीं मुलें असले प्रश्न आतां अनेक घरांत विचारूं लागलीं आहेत.

प्रथम शब्दांकडे पाहूं. अमरकोशांत भात्यास तूण, उपासङ्ग, तूणीर, निषङ्ग, इषुधि आणि तूणी अशीं सहा नांवें दिलीं आहेत. इषु म्हणजे बाण. ते ज्यांत ठेवावयाचे तो इषुधि. अंगाला लगटून राहतो तो निषङ्ग. माझ्या मतें भात्याची अर्धी परीक्षा या दोन शब्दांतच आली : बाण नीट राहिला पाहिजे, आणि भाता अंगाबरोबर राहिला पाहिजे. आपला मराठी 'भाता' हा 'भस्त्रा' शब्दापासून, म्हणजे कातड्याच्या पिशवीपासून, आलेला आहे. लोहाराचा भाता आणि धनुर्धाऱ्याचा भाता हे एकाच घरचे भाऊ होत.

ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलांत पंचाहत्तरावें सूक्त युद्धसाहित्याचें आहे. त्यांत ऋषीनें भात्याला पुष्कळ लेंकरांचा पिता म्हटलें आहे. तो पाठीवर बांधलेला आहे, आणि रणांत उतरतांच त्याचा खडखडाट होतो, असें वर्णन आहे. हा खडखडाट वीराला भूषण आहे, कारण शत्रूला तो ऐकूं यावा अशीच त्याची इच्छा असते. मृगयेंत मात्र तोच दोष ठरतो. हरणाचे कान सदैव टवकारलेले असतात. बाणावर बाण आपटला कीं तें निसटलें. तेव्हां नातवाला मीं पहिली गोष्ट ही लिहिली, कीं आपल्या ग्रंथांतला भाता बहुतेक ठिकाणीं योद्ध्याचा आहे. त्याची नक्कल करून शिकाऱ्यानें रानांत जाऊं नये.

जगांतील इतर लोकांनींही आपापल्या कामाप्रमाणें भाते घडविले. इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाचें 'मेरी रोज' नांवाचें जहाज १५४५ सालीं बुडालें, तें १९८२ सालीं वर काढलें. त्यांत कातड्याच्या वाटोळ्या चकत्या सांपडल्या. प्रत्येकींत चोवीस छिद्रें. एकेका छिद्रांत एकेक बाण राहिला म्हणजे पिसें चुरगळत नाहींत. जपानी योद्ध्यांनीं पावसासाठीं 'उत्सुबो' नांवाचा झांकलेला भाता केला, कारण पिसें भिजून चिकटलीं कीं बाण सरळ जात नाहीं. पाठीवरून ऐटीनें बाण उपसणारा रॉबिन हूड आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो, त्याचें श्रेय बरेंचसें १९३८ च्या चित्रपटाला आहे. त्यांतील नेमबाजी हॉवर्ड हिल या अमेरिकन धनुर्धाऱ्यानें केली होती. जुने इंग्रज धनुर्धारी बाण बहुधा कमरपट्ट्याला अडकवीत.

सर्वांत बोधप्रद भाता मात्र एका प्रेताजवळ सांपडला. आल्प्स पर्वतांत, इटली आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवर, १९ सप्टेंबर १९९१ रोजीं बर्फांत एका मनुष्याचें पांच हजार वर्षांहून जुनें शरीर मिळालें. त्याचा भाता हरणाच्या एका लहान जातीच्या कातड्याचा, आणि तो ताठ राहावा म्हणून बाजूला एक काठी शिवलेली. आंत चौदा बाण होते. पण पिसें आणि फाळ लावून तयार असे दोनच. त्याचें धनुष्यही अपुरेंच होतें. आणि २००१ सालीं असें आढळलें, कीं त्याच्याच डाव्या खांद्यांत दुसऱ्या कोणाच्या बाणाचें टोंक रुतलेलें आहे ! भाता भरलेला दिसला म्हणजे तयारी झाली असें नव्हे, हें यावरून कोणासही कळेल.

अमेरिकेंतील आजच्या धनुर्मृगयेला मोठी चालना मिळाली ती इशी नांवाच्या एका मूळनिवासी पुरुषापासून. आपल्या याही जमातींतला हा शेवटचा मनुष्य १९११ सालीं कॅलिफोर्नियांतील ओरोव्हिल गांवीं एकटाच लोकांत आला. सॅक्स्टन पोप या शस्त्रवैद्यानें त्याच्याजवळ धनुर्विद्या शिकून १९२३ सालीं त्यावर पुस्तक लिहिलें. इशीचा भाता पाणमांजराच्या कातड्याचा होता. ज्याचें सारें कुळ नाहींसें झालें, त्यानें आपली विद्या परक्याला मोकळ्या मनानें दिली, हें नातवानें विसरूं नये.

आतां दुकानांतल्या चार तऱ्हा.

पहिला, पाठीवरचा उघडा भाता. मऊ कातड्याचा असला तर तो बाणांभोंवतीं दबून बसतो, आणि म्हणून आवाज कमी करतो. दिसावयास हाच देखणा. परंतु पात्यांचे फाळ आंत एकमेकांवर घासून बोथट होतात. खालीं वांकलें कीं बाण डोक्यावरून गळतात. पिसें फांद्यांत अडकतात. आणि बाण काढतांना हात खांद्यावर न्यावा लागतो, ती हालचाल हरणाला दुरून दिसते.

दुसरा, कमरेचा. बाण काढण्यास सोपा, सरावाच्या मैदानावर उत्तम. निशाणावर नेम धरणारे खेळाडू हाच वापरतात. आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनीं २०२३ सालीं बर्लिन येथें विश्वविजेतेपद मिळविलें. त्या खेळांत भाता कमरेलाच असतो. पण झुडपांतून चालतांना तो प्रत्येक कांटेरी डहाळीशीं भांडतो.

तिसरा, धनुष्यालाच जडविलेला. फाळ एका कठीण टोपणांत रुतून बसतात, कांडीं रबराच्या चिमट्यांत. बाण हाताशीं, अंगावर पट्टा नाहीं. मात्र धनुष्याचें वजन वाढतें, वाऱ्याचा झोत लागतो, आणि जोड सैल असेल तर दोरी सुटतांच तो थरथरतो. कप्प्या नसलेल्या हलक्या धनुष्याला हा भार अधिक जाणवतो.

चौथा, पाठीवरचाच पण झांकलेला. वर पिसांना छत्र, खालीं फाळांना बंद पेटी. बाण किंचित वर उचलून कमरेजवळून काढावयाचा. पाऊस, फांदी आणि धार या तिन्हींपासून हा राखतो. बाण काढण्यास थोडा वेळ लागतो, एवढेंच वैगुण्य. तेंही महिनाभराच्या सरावानें जातें.

चालत फिरणाऱ्यानें चौथा घ्यावा. झाडावरच्या मचाणावर बसणाऱ्यास तिसरा चालेल. पण तो धनुष्यापासून सहज सुटणारा असावा, म्हणजे वर गेल्यावर काढून फांदीला टांगतां येतो. कोणताही घेतला तरी फाळ पूर्ण झांकलेले असलेच पाहिजेत. हे फाळ वस्तऱ्यासारखे असतात, आणि घसरून पडलेला मनुष्य आपल्याच बाणानें जखमी होऊं शकतो. म्हणून मचाणावर चढतांना दोन्ही हात मोकळे ठेवावे आणि झांकलेला भाता व धनुष्य मागाहून दोरीनें वर ओढून घ्यावें, असें मीं दोनदां अधोरेखित करून लिहिलें. विकत घेण्यापूर्वीं त्यांत स्वतःचे बाण घालून दुकानांतच दहा पावलें पळावें, बसावें, वांकावें. बाण गळला किंवा वाजला, तर तो भाता परत ठेवावा.

बाण किती ? चोवीस बाण सैन्याला शोभतात. पंधरा-वीस पावलांवरून मारणाऱ्या शिकाऱ्याला चार-पांच पुरेत. जवळ पुष्कळ आहेत असें वाटलें कीं पहिला बाण सोडतांना हात सैल होतो. दशरथ राजाला कोठें बाणांची वाण होती ? शरयूच्या कांठीं अंधारांत घडा भरल्याचा आवाज आला, त्याला वाटलें हत्ती पाणी पीत आहे. आणि एका बाणानें आंधळ्या आईबापांचा आधार गेला. जें स्पष्ट दिसलें नाहीं त्यावर बाण सोडावयाचा नाहीं, आणि जखमी केलेलें जनावर शोधल्यावांचून रान सोडावयाचें नाहीं, ह्या दोन अटी मीं आज्ञा म्हणून घातल्या.

येथील तरुण वाचकांनीं मात्र भलता बोध घेऊं नये. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें वन्य प्राण्यांची शिकार बंद आहे. ज्यांना धनुष्याची हौस असेल त्यांनीं निशाणाच्या मैदानावर जावें, मुलींनींही जावें.

पत्राच्या शेवटीं अर्जुनाची गोष्ट लिहिली. खांडववनाच्या वेळीं अग्नीच्या विनंतीवरून वरुणानें त्याला गांडीव आणि दोन अक्षय्य भाते दिले. आयुष्याच्या अखेरीस महाप्रस्थानाला निघतांना अग्नि पुन्हां पुढें उभा राहिला, आणि अर्जुनानें धनुष्य व दोन्ही भाते पाण्यांत सोडून दिले. कधींही न सरणारा भातासुद्धां एक दिवस परत करावयाचा असतो. मग विकत घेतलेल्याचा अभिमान काय धरावा?

पत्र धाडण्यापूर्वीं माईंना वाचून दाखविलें. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "झांकलेलाच घे म्हणावें. आणि खालीं माझी एक ओळ लिही : भाता भरलेलाच घरीं आला, तर इकडे मी मारुतीला नारळ फोडीन."

ती ओळ मीं त्यांच्याच शब्दांत लिहून पत्र पाठविलें आहे.