सोपा नंबर आणि संशय

ओळीने पाच नऊ असलेल्या नंबरवरून फोन आला, की कोणी म्हणतो, ‘बडी असामी दिसते!’ तर कोणी म्हणतो, ‘नक्कीच भामटा!’ माझ्या मते दोघेही चुकतात. पोलिसांचा १००, मुलांसाठीचा १०९८, तातडीच्या मदतीचा ११२ हे क्रमांक घाबरलेल्या माणसालाही आठवावेत म्हणूनच सोपे आहेत. मोबाईलचे सोपे नंबर मात्र विकत मिळतात. बीएसएनएलने तर त्यांचे लिलावही केले आहेत. त्यावरून फार तर मालकाची हौस कळते, दानत नव्हे. शिवाय पडद्यावर दिसणारा क्रमांक बनावटही असू शकतो!

मग संशय घ्यावा कशाचा? मागणीचा आणि घाईचा. ओटीपी मागणारा, ‘आत्ताच पैसे भरा, नाहीतर अटक होईल’ असे दरडावणारा मनुष्य अवघड नंबरवरूनही लुटतोच. अशा वेळी फोन ठेवावा आणि बँकेच्या कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः चौकशी करावी. पैसे गेलेच, तर लाजेने गप्प न बसता सायबर गुन्ह्यांसाठीचा १९३० ताबडतोब फिरवावा. पेन्शनवर जगणाऱ्या आपल्या आजी-आजोबांकडून हा क्रमांक पाठ करून घेण्याचे काम, मित्रहो, तुमचे-माझेच नव्हे काय?